शिकारीचा भागाकार

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एखादा सुतार, नळ दुरुस्त करणारा किंवा शाळामास्तर आयुष्यातली पहिली शिकार स्वतःच्या हिमतीवर करायची ठरवतो, तेव्हा त्याला राजा लागत नाही, हाकेवाले लागत नाहीत, कुणाची जहागीर लागत नाही. तो सरकारकडे अर्ज करतो, सोडतीत नाव लागण्याची वाट पाहतो आणि नाव लागले की नकाशा उघडतो. नकाशावर पिवळ्या रंगाचे जे पट्टे दिसतात, ती केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याची जमीन. म्हणजे सगळ्यांची. तिथे गाडी उभी करायची, तंबू ठोकायचा आणि पहाटे दुर्बीण लावून बसायचे. समोर माळावर प्राँगहॉर्न चरत असतात. अंगाने तांबूस, बुडाशी पांढरे, शिंगांना पुढे एक फाटा. तिकडचे लोक त्याला कुरंग म्हणतात. शास्त्र म्हणते, हा कुरंग नव्हेच, याचा जवळचा भाऊबंद जिराफ. शिकाऱ्याला त्याचे काही नाही.

हा प्राणी ताशी 85-90 किलोमीटर वेगाने पळतो. सेकंदाला 24 मीटर. रायफलची गोळी 300 मीटरवर पोचायला साधारण एक तृतीयांश सेकंद घेते, आणि तेवढ्यात पळते जनावर आठ-नऊ मीटर पुढे गेलेले असते. म्हणून शहाणा शिकारी पळत्यावर गोळी टाकत नाही. पोटावर सरपटत, काटे टोचून घेत तो जवळ जातो आणि जनावर उभे राहण्याची वाट पाहतो. एवढे खटाटोप करावे लागत असले तरी दहांपैकी आठ-नऊ जण रिकाम्या हाताने परतत नाहीत. शिकारीच्या धंद्यात हे यश थक्क करणारे आहे.

आता हाच बेत जळगाव-धुळ्याच्या माणसाने आखला तर? कायदा आडवा येतो हे खरेच, त्याच्याकडे पुढे वळू. पण कायदा बाजूला ठेवून आधी नुसते गणित मांडले, तरी ते गणितच शिकाऱ्याला दारातून परत पाठवते.

जळगाव जिल्हा 11,765 चौरस किलोमीटर. नंदुरबार वेगळा झाल्यानंतरचा धुळे जिल्हा 7,195. दोन्ही मिळून 18,960. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 42 लाख 30 हजारांच्या जवळ आणि धुळ्याची साडेवीस लाख, एकूण पावणेत्रेसष्ट लाख. वायोमिंगचे क्षेत्रफळ या दोन जिल्ह्यांच्या तेरा पट आणि माणसे 2020 च्या मोजणीत पावणेसहा लाख. आपल्या दोन जिल्ह्यांत एका चौरस किलोमीटरला 331 माणसे, तिथे सव्वादोन. उलटे करून पाहा. वायोमिंगच्या हिशेबाने जळगाव-धुळ्यात माणसे वसवली, तर सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत सगळी मिळून 43 हजार भरतील. एकट्या भुसावळ शहरात 2011 साली एक लाख 87 हजार होती. म्हणजे भुसावळची तीन चतुर्थांश माणसे बाहेर काढायची, उरलेली दोन जिल्ह्यांत विखरायची, आणि जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, चोपडा, रावेर सगळे ओस.

वायोमिंगमध्ये चांगल्या वर्षी प्राँगहॉर्नची संख्या चार लाखांच्या वर जाते. तीन माणसांमागे दोन कुरंग. रेशनकार्डावर नावे घालावीत असे प्रमाण.

जमिनीचा हिशेब याहून चक्रावणारा आहे. तिथल्या त्या पिवळ्या पट्ट्यांचे, फक्त एका खात्याच्या सार्वजनिक जमिनीचे, वायोमिंगमधले क्षेत्र 1 कोटी 84 लाख एकर. आपले दोन जिल्हे शेते, गावे, नद्या, रस्ते धरून 47 लाख एकर. म्हणजे एका राज्यातली एका खात्याची मोकळी जमीन जळगाव-धुळ्याच्या चौपट. त्या खात्याची साऱ्या अमेरिकेतली जमीन 24 कोटी 50 लाख एकर, अख्ख्या महाराष्ट्राच्या तिप्पट आणि वर थोडी.

आपल्याकडे वन्यप्राण्यांसाठी म्हणून राखलेली जागा किती? यावल अभयारण्य 1969 चे, सुमारे 175 चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य 83. मुक्ताईनगरकडचे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र 123 च्या आत-बाहेर. बेरीज 381, म्हणजे दोन जिल्ह्यांच्या भूभागाचे दोन टक्के. गौताळा अभयारण्याचा चाळीसगावकडचा भाग आणि अभयारण्यांबाहेरचे वनक्षेत्र यात धरलेले नाही, पण शिकाऱ्याच्या गणितात त्याने फार फरक पडत नाही. आता ही 381 चौरस किलोमीटर जमीन पावणेत्रेसष्ट लाख माणसांत वाटा. माणशी साधारण 60 चौरस मीटर, साडेसहाशे चौरस फूट. जळगावातल्या वन-बीएचके फ्लॅटएवढी. वायोमिंगमध्ये तिथल्या पिवळ्या जमिनीची अशीच वाटणी केली तर माणशी 32 एकर येते. दोहोंतला फरक दोन हजार पटींहून जास्त. एक माणूस 32 एकरांत बंदूक घेऊन फिरतो आहे आणि दुसऱ्याला साडेसहाशे चौरस फुटांत हरीणही ठेवायचे आहे आणि गोळीही मारायची आहे.

अर्थात 32 एकर कागदावर असले म्हणून पायाखाली येतातच असे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकारने रेल्वे कंपन्यांना जमिनी दिल्या त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या: एक चौरस मैलाचा चौकोन खासगी, शेजारचा सरकारी, पुन्हा खासगी. प्रत्येक चौकोन 640 एकरांचा. आज लाखो एकर सरकारी जमीन अशी आहे की तिथे जायचे तर दोन सरकारी चौकोन जिथे कोपऱ्याला कोपरा लागतो, तिथूनच पाय टाकावा लागतो. मिसुरी राज्यातल्या काही शिकाऱ्यांनी 2020 आणि 2021 मध्ये वायोमिंगच्या एल्क माउंटन भागात तेच केले. ते गेले होते एल्क नावाच्या मोठ्या सांबरवर्गीय हरणामागे. दुसऱ्या वर्षी त्यांनी कोपऱ्यावर घडीची शिडी उभी केली आणि खासगी मातीला पाय न लावता सरकारी चौकोनातून सरकारी चौकोनात उतरले. जमीनमालकाने दावा ठोकला. जमिनीला नव्हे, जमिनीवरच्या हवेला त्यांचे खांदे-कोपर लागले, असा मुद्दा. नुकसानीचा आकडा गेला 77 लाख डॉलरच्या घरात. शिकाऱ्यांना फौजदारी खटल्यात ज्युरीने निर्दोष सोडले आणि मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने कौल दिला.

बांधावरून डोकी फुटतात ते खानदेशाला नवे नाही. पण बांधाला निदान रुंदी असते. कोपरा म्हणजे बिंदू, त्याचे क्षेत्रफळ शून्य. शून्य जागेसाठी 77 लाख डॉलर म्हणजे एकरी दर किती, हा प्रश्न आपल्याच चाळीसगाव तालुक्यात विचारायला हवा. पाटणादेवीच्या जंगलाजवळच्या पाटण गावात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने 1207 च्या सुमारास मठ काढला, आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून. त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या ग्रंथांत शून्याने भागलेल्या संख्येला नाव आहे: खहर, अनंत राशी. त्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही. वकिलांच्या फीलाही हा नियम लागू असावा. याच भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हरणाच्या पाडसासारख्या डोळ्यांच्या मुलीला 135 गुणिले 12 किती असे विचारले आहे. उत्तर 1,620. आठशे वर्षांपूर्वी उपमा द्यायला हरीण हाताशी होते, हे त्यातून कळते.

किती होते? काळविटाचा भारतीय उपखंडातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अंदाज चाळीस लाखांचा आहे. तो मोजणीचा आकडा नव्हे, अंदाजच. पण माळरानावर हजारोंचे कळप पाहिल्याच्या नोंदी इतक्या जणांनी केल्या आहेत की लाखांत संख्या होती याबद्दल वाद नाही. चाळीस लाख म्हणजे साधारण जळगाव जिल्ह्याची आजची माणसे. 1947 पर्यंत त्यातली 80 हजारांच्या आसपास उरली असावीत, आणि 1960 च्या दशकात हा आकडा आठ हजारांवर आला. जळगाव जिल्ह्यातली सगळी गावे-शहरे रिकामी होऊन एखाद्या मोठ्या गावाची वस्ती शिल्लक राहावी, तसे. चाळीस लाख 1900 मध्ये होती असे धरून 1964 पर्यंतची सरळ वजाबाकी केली, तर वर्षाला 62 हजार, दिवसाला 170. जन्माला आलेली पाडसे जमेस धरूनही दर साडेआठ मिनिटांना एक काळवीट कमी, रात्रंदिवस, चौसष्ट वर्षे.

हे कुणी केले असे विचारले की बोट राजेरजवाड्यांकडे जाते. त्यांचे आकडे डोळे दिपवणारे आहेत, कारण त्यांनी हिशेब लिहून ठेवला. जहांगीर बादशहाने वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतची यादी कारकुनांकडून काढवली आणि ती आपल्या आठवणींत नोंदवली: त्याच्या समोर मारली गेलेली जनावरे-पाखरे 28,532, त्यातली खुद्द त्याच्या हातची 17,167. नीलगाय 889. काळवीट, चिंकारा, चितळ, पहाडी बकरे एकत्र धरून 1,670. कबुतरे मात्र 10,348. म्हणजे हिंदुस्थानच्या बादशहाच्या शिकारीत निम्म्याहून जास्त कबुतरे! दिवसाला सरासरी सव्वा जीव, अडतीस वर्षे. आणि याच माणसाने मन्सराज नावाच्या आपल्या पाळीव हरणाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखूपुऱ्याला हिरन मिनार उभारला.

खानदेशातली नोंद इंग्रजी अमदानीची. 1825 मध्ये जेम्स औट्रम धरणगावला आला आणि भिल्लांची पलटण उभी केली. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या शिकारीत दोनशेच्या घरात वाघ पडले. वाघांचे आकडे चरित्रांत झळकतात. काळवीट-चिंकारा मात्र किरकोळ खात्यात. मुक्कामावरच्या रश्श्यात गेलेले जनावर कोण मोजणार?

चित्त्याकडून काळवीट धरण्याचा शौक महाराष्ट्रात कोल्हापूरला सगळ्यात उशिरापर्यंत टिकला. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसलेला, गाडी कळपाच्या कडेकडेने, कधी सरळ अंगावर न जाता, तिरकी तिरकी पुढे सरकते आहे. काळविटांना बैलगाडीची सवय, ती मान वर करून पुन्हा चरू लागतात. अंतर पुरेसे तुटले की चित्तेवान टोपी काढतो, गळपट्टा सैल करतो. पुढचे सगळे अर्ध्या मिनिटात संपते. चित्त्याने धरले तर धरले, नाहीतर तो धापा टाकत खाली बसतो आणि काळवीट कोसभर लांब गेलेले असते. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले. 1918 ते 1945 या काळात भारतात अशा आयात चित्त्यांची संख्या दोनशेच्या आसपास भरते आणि त्यात कोल्हापूर व भावनगर या दोन संस्थानांचा वाटा मोठा. शिकारीचे साधन संपले म्हणून ते परदेशातून आणायचे, पण शिकार थांबवायची नाही, हा हिशेब माणसालाच सुचू शकतो.

तरीही माझे मत विचाराल तर चाळीस लाखांचे आठ हजार बादशहांनी केले नाहीत, चित्त्यांनी तर मुळीच नाही. दिवसाला सव्वा जीव मारणारे शंभर जहांगीर चौसष्ट वर्षे राबले असते, तरी तीस लाखांच्या आतच थांबले असते, आणि काळविटांनी त्या काळात पिल्लेही घातली असती. संख्या मोडली ती दोन गोष्टींनी. एक नांगर: माळ आणि कुरणे काळ्या रानात बदलली. दुसरी, दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेली जीप आणि तिच्यावरचा प्रखर दिवा. रात्री डोळे दिपलेले हरीण जागच्या जागी थिजते. चित्त्याला अर्ध्या मिनिटाची झुंज द्यावी लागे, जीपवाल्याला एका रात्रीत कळपच्या कळप उचलता येई. त्यात पीकसंरक्षणासाठी म्हणून दिलेल्या बंदुका. जो तो आपल्यापुरता हिशेब करत होता, 'इतक्यातून एक गेले तर काय होते' असा. बेरीज करणारा कोणी नव्हता.

त्या काळी धुळ्याच्या माणसाला कायदेशीर शिकारीचा बेत आखता येत होता, हे आज सांगून खरे वाटत नाही. मुंबई राज्याचा 1951 चा वन्यप्राणी कायदा परवाने देत होता. 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यानेही शिकार एका फटक्यात बंद केली नाही. त्यात मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा, विशेष शिकारीचा असे परवाने होते. ते दार पुरते बंद झाले 1991 च्या दुरुस्तीने. आज काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. मारले तर किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार दंड. जमीन सरकारी की स्वतःच्या सातबाऱ्यावरची, याने काही फरक पडत नाही. राजस्थानातल्या दोन काळविटांच्या 1998 मधल्या खटल्यात खालच्या कोर्टाचा निकाल लागायला 2018 उजाडले. दोन काळविटांना वीस वर्षे.

बंदीने काय झाले? नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी नावाचे अभयारण्य आहे. क्षेत्र फक्त 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे 536 एकर. वायोमिंगच्या त्या पटावरच्या एका चौकोनाहून लहान! 1980 मध्ये ते जाहीर झाले तेव्हा काळविटे मोजकीच होती. पुढे ती चारशेच्या आसपास गेली. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी वेगळे राखीव क्षेत्र झाले, बारामती तालुक्यात सुप्याला चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य, 5.14 चौरस किलोमीटरचे. पुऱ्या देशातली काळविटे पुन्हा पन्नास हजारांच्या पातळीवर आल्याचा अंदाज आहे. आठ हजारांच्या सहापट. चाळीस लाखांच्या मात्र सव्वा टक्का.

अमेरिकेनेही हा तळ पाहिला आहे, हे विसरता येत नाही. तिथे एकेकाळी प्राँगहॉर्न तीन-चार कोटी असावेत असे मानतात. 1924 च्या सुमारास मोजले तेव्हा तीस हजार भरले, हजारात एक. शिकारीला बंदी, जोडीला मोजणी. 1937 मध्ये कायदा करून बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यप्राण्यांच्या कामाला जोडला. 1980 च्या दशकात संख्या दहा लाखांजवळ पोचली. तेहतीस पट वाढ साठ वर्षांत, म्हणजे वर्षाला साधारण सहा टक्के. बँकेच्या ठेवीएवढी. फक्त साठ वर्षे मुद्दल कोणी मोडले नाही. आज वायोमिंगचा सुतार जे मारतो, ते व्याज.

कुरंगवर्गाची ही चक्रवाढ बेभरवशाची असते आणि अफाटही. कझाकस्तानात मे 2015 मध्ये सैगा नावाचे लोंबत्या नाकाचे कुरंग तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त मेले. जगातले निम्म्याहून अधिक. मिनिटाला सहा-सात. बंदूक नाही, सापळा नाही; घशात एरवी निरुपद्रवी राहणारा जिवाणू दमट उष्म्यात उलटला. ही जात संपते की काय असे तेव्हा वाटले; 2024 च्या मोजणीत ते 28 लाख निघाले. त्याआधीच्या वर्षी दक्षिण सुदानवर विमाने फिरवली, तर तिथे जवळपास साठ लाख कुरंगांचे स्थलांतर चालू असल्याचे दिसले, जगातले सगळ्यात मोठे. युद्धाने पोळलेल्या मुलुखात ते चालू होते आणि ते एवढे मोठे आहे याचा जगाला पत्ता नव्हता.

आता खानदेशातल्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे रोहीकडे. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे, पण ती आशियातला सगळ्यात मोठा कुरंग. नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. सात-आठ काळविटांचे वजन एका अंगात. शिरपूर-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला हरभरा दाण्यावर आला की संध्याकाळी शेतकरी मळ्यात निघतो: बॅटरी, गोफण, वाजवायला पत्र्याचा डबा. "रातभर जागनं पडस, भाऊ," एवढेच तो सांगतो. सकाळी ओल्या सरीत दोन फाकांचे, टोकाला निमुळते खूर उमटलेले असतात, बैलाच्या खुरापेक्षा अरुंद, आणि ओळीने शेंडे खुडलेले. बांधावर रंगीबेरंगी जुन्या साड्या ताणलेल्या. साड्यांचाही हिशेब करा: एक एकर चौकोनी धरला तर घेर 254 मीटर, साडी साडेपाच मीटर. एकराला 47 साड्या. पाच एकरवाल्याला शंभरावर. गावातल्या साऱ्या बायकांच्या कपाटातून इतक्या निघत नाहीत, म्हणून त्या बाजारातून किलोवर विकत आणतात. रोही दोन हंगाम बिचकते, तिसऱ्याला साडी वाकवून आत येते.

महाराष्ट्र सरकारने जुलै 2015 मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगी घेऊन मारण्याची वाट मोकळी केली. ही शिकार नव्हे. अर्ज करायचा वनक्षेत्रपालाकडे, मारायचे परवानाधारक बंदुकीने, आणि मेलेले जनावर सरकारचे. बंदूक आणायची कुठून, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न गणिताचा. रोहीला बहुधा जुळी होतात. वर्षाला वीस टक्के वाढ धरली तर वीस रोह्यांच्या वीस वर्षांत 767 होतात. 2016 मध्ये बिहारने मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून अडीचशेहून जास्त नीलगायी मारल्या, दिल्लीत दोन मंत्र्यांमध्ये त्यावरून जुंपली. पण त्याच वीस टक्क्यांनी बाराशे-साडेबाराशेंचा कळप अडीचशेंची तूट एका वर्षात भरून काढतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच नेमबाज, पुन्हा तेवढ्याच गोळ्या. किती आहेत हे न मोजता किती मारायचे ठरवणे म्हणजे अंधारात गोळी.

आणि ज्याला रोहीचीच शिकार सरकारी जमिनीवर, स्वतःच्या हिमतीवर, कायद्याने करायची आहे, त्याच्यासाठी जगात जागा आहे. टेक्सासमध्ये. तिथल्या किंग रँचने 1920-30 च्या दशकांत नीलगायी नेऊन सोडल्या. रँच 8 लाख 25 हजार एकरांचे, जळगाव जिल्ह्याच्या चौथाईहून थोडे मोठेच. त्या नीलगायींचे वंशज आज दक्षिण टेक्सासमध्ये तीस हजारांहून जास्त आहेत आणि मेक्सिकोच्या सीमेजवळच्या केंद्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत सोडतीने परवाने काढून लोक त्या मारतात. काळविटेही टेक्सासात खासगी कुंपणांत हजारोंनी आहेत, एका नराला दोन-तीन हजार डॉलर मोजून मारता येतात. पाकिस्तानातून काळवीट संपल्यावर 1970 च्या सुमारास बहावलपूरजवळ लाल सुहानरा इथे जी सोडली, ती याच टेक्सासातून आणली होती. सिंधूच्या माळावरचा प्राणी अमेरिकेतून परत आयात करावा लागला.

खानदेशाला टेक्सास व्हायचे नाही, होताही येणार नाही. माणशी साडेसहाशे चौरस फुटांत ते बसत नाही. पण वायोमिंगच्या सुताराचे पहिले काम इथेही करता येते. तो बंदूक उचलण्याआधी कळपांची आकडेवारी वाचतो, कारण ती दरवर्षी कुणीतरी मोजलेली असते. आपल्याकडे कुठल्या गावच्या शिवारात किती रोही, किती चिंकारा, नर किती, पाडसे किती, याचा गाववार आकडा शेतकऱ्याच्या हाती नाही. तो असेल तरच नुकसानभरपाई, कुंपण, परवाना यांवरचे भांडण मुद्द्याचे होईल. ग्रामपंचायतीने वर्षातून दोन रात्री माणसे बसवून शिवारातली जनावरे मोजली आणि रजिस्टरला लिहिली, तर त्याला ना बंदूक लागते, ना कोणाची मंजुरी.

ज्यांना मोजणीचा सराव करायचा आहे, त्यांच्यासाठी बुद्धपौर्णिमेची रात्र आहे. त्या रात्री वनविभाग अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधून नागरिकांना बसवतो, यावलमध्येही. कोणते जनावर किती वाजता पाण्यावर आले, नर की मादी, सोबत पिल्लू होते का, एवढे कागदावर लिहायचे. मचाणे मोजकी असतात, तेव्हा एप्रिलमध्येच वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करून नाव द्या. गडद रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका, आणि मोबाईलचा उजेड पिशवीत ठेवा.